तीन तारे

एस्को सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, भट्ट्या बनवायचा. त्याची वेबसाइट होती, पण मुकी. त्याच्या शेजाऱ्याशी लग्न करून स्पेनहून फिनलंडच्या या गावात आलेल्या मार्सेलाने तिच्यावर लाइक, शेअर आणि गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांची सोय करून दिली. इथलं कुणी काही लिहिणार नाही, याची एस्कोला खात्री होती. तरी काम करता करता वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारून तो मोबाइलमध्ये डोकावायचाच.

सोमवारी मार्सेला हिरमुसलेली आली.

"एक अभिप्राय आलाय. पाचपैकी तीन तारे. 'भट्टी तापते. तक्रार नाही.' बस, एवढंच. नावही नाही. काढून टाकू का? पहिलाच असा रडका नको."

"फोटो टाकलाय का त्याने?"

टाकला होता. एस्कोने तो बोटांनी मोठा केला. भट्टी त्याचीच, अगदी सुरुवातीच्या काळातली, जोड जरा वाकडा आलेली. शेजारी पाण्याची बादली आणि बादलीत लाकडी पळी, मोडक्या दांड्याला तांब्याची तार गुंडाळलेली. ती पळी लहानपणी एस्कोनेच मोडली होती.

त्याने मोबाइल तिला परत दिला.

"राहू दे. सगळ्यात वर ठेव."

"अहो, तीनच तारे आहेत. हा माणूस खूश आहे असं वाटतं तुम्हाला?"

एस्कोने चष्मा डोळ्यांवर ओढला.

"माझ्या लग्नातसुद्धा बाबा एवढं बोलले नव्हते."