पानावरचं मीठ

मुठीत मीठ घेऊन पद्मावती खतखत्याच्या टोपावर वाकून उभी होती, आणि नेमकं तेव्हाच सुनेने विचारलं.

"आई, मीठ पडलां मां?"

"पडलां," पद्मावती फटकन म्हणाली. मीठ अजून मुठीतच होतं. पण सकाळपासून विनोदिनी हाच प्रश्न घेऊन तिच्या पाठी लागली होती. उसळीला विचारलं, भाजीला विचारलं, आता खतखत्यालाही. गेल्या गणेश चवथीला उसळीत दोनदा मीठ पडलं, तेवढंच सगळे धरून बसले होते. त्याआधीच्या चवथी कुणाच्या हाताने झाल्या, ते मात्र कुणाला आठवत नव्हतं.

तेवढ्यात बाहेरून नात प्रतीक्षा ओरडली, "आजी, भट इलो!" पद्मावती पाण्याचा तांब्या उचलून धावली. भट कसला, शेजारचा पोरगा दुर्वा मागायला आला होता. त्याला दुर्वा देऊन ती चुलीपाशी परतली आणि तिचं हाताकडे लक्ष गेलं. हात ओला होता, आणि रिकामा.

मीठ टोपात पडलं होतं, की धावताना अंगणात सांडलं होतं?

दुसरा कुठला दिवस असता तर बोट बुडवून जिभेला लावलं असतं. पण आज नैवेद्य दाखवायचा होता. देवाच्या आधी चाखलं की सगळं उष्टं. लग्न होऊन लाटंबार्शाला आली तेव्हापासून ती चवथीचं जेवण असंच रांधत होती, रंग बघून, वास घेऊन, मिठाचा अंदाज मुठीवर सोडून. हीच तिची मिजास होती, आणि खरं सांगायचं तर वर्षाचा सगळा आनंदही. चाखून काय, कोणीही रांधेल.

टोपात नीरफणस, मुळा, भोपळा, कणसाचे तुकडे रटरटत होते. तेफळांचा वास माजघरापर्यंत गेला होता. धाकटा मुलगा गोकुळदास वास्कोहून यायचा तो देवासाठी कमी आणि ह्या खतखत्यासाठी जास्त. आणखी मीठ घालावं, तर आधीचं असलं की गेल्या वर्षीचीच गत. न घालावं, तर सगळाच बट्ट्याबोळ. सुनेपाशी बोलावं, तर "पडलां" म्हणून आपणच तोऱ्यात सांगितलेलं. पद्मावतीने टोपावर झाकण आदळलं.

भट येईना. गोव्याचं राज्य झालं, दारापर्यंत डांबर आलं, भटाच्या बुडाखाली स्कूटर आली. त्याची यायची वेळ तेवढी सुधारली नाही. "वयल्या वाड्यार आसा," थोरला सगुण थोड्या थोड्या वेळाने येऊन सांगत होता. पोरं भुकेने कुरकुरत होती. पद्मावतीचा राग भटावर गेला, सुनेवर गेला, नातीवर गेला, दुर्वा मागणाऱ्यावर गेला आणि फिरून आपल्याच हातावर येऊन बसला.

शेवटी भट आला, पूजा झाली, नैवेद्य दाखवला. देवाच्या पानावर मीठ वाढत नाहीत. देवाने होतं ते गोड मानून घेतलं. मग माणसांची पानं मांडली आणि विनोदिनीने प्रत्येक पानाच्या डाव्या कोपऱ्यात मिठाची चिमूट ठेवली.

पद्मावती चौकटीला टेकून उभी राहिली. तिचं लक्ष जेवणाऱ्यांच्या तोंडांकडे नव्हतं, त्या कोपऱ्यांकडे होतं. सगुणने खतखत्याचा घास घेतला, जरा थांबला, दुसरा घेतला. त्याचा हात मिठाकडे गेला नाही. "बाबा, हेच्यात—" असं म्हणत प्रतीक्षाने तोंड उघडलं, तोच त्याने तिच्या पानात पातोळी ठेवली.

"खतखतां बरां जालां गो आई," गोकुळदास म्हणाला. "आनीक वाड."

तिने दोन डाव वाढले. पंगत उठली तेव्हा एकूणएक पानावर मीठ जसंच्या तसं होतं. पद्मावतीला रडूच यायचं बाकी राहिलं. सकाळपासूनची सगळी चिडचिड उतरली. उगाच जीव काढला मेल्या शंकेने.

मग दोघी बायका बसल्या. पोटात कावळे कोकलत होते. पद्मावतीने भातात खतखतं कालवून पहिला घास घेतला.

मीठ नव्हतं. नावालाही नव्हतं.

ती चावत राहिली. शेजारी विनोदिनी मान खाली घालून जेवत होती. तिच्याही मिठाला बोट लागलं नव्हतं. गेल्या वर्षी सगळ्यांनी नावं ठेवली होती, तेव्हा पद्मावती तणतणली होती, भांडली होती. यंदा कुणी नाव ठेवलं नाही. यंदा तिला सांभाळून घेतलं होतं. ह्याचा तिला जास्त राग आला.

"मीठ घे," ती म्हणाली.

"नको आई. बरां आसा."

"देवाच्या पानार वाडूक नाय, तो बिचारो काय करतलो? तुज्या पानार वाडलां मां? घे."

विनोदिनीचा हात कोपऱ्याकडे गेला आणि तिथेच थांबला. पद्मावतीने आधी आपली चिमूट उचलली, खतखत्यात कालवली आणि दुसरा घास घेतला.

"जेवन जाल्यार टोपात तूच घाल," ती म्हणाली. "आनी चाखून घाल."