लिटरला बावीस

हिरालालने बॉनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि चालू इंजिनाचा आवाज ऐकला. मग मान हलवली.

"नाही. ही खोकलून राहिली."

दुर्गाप्रसाद कसनुसा हसला. गोंदियात जुन्या गाड्या विकण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती, पण एका सकाळीत तीन गाड्या नापास करणारं गिऱ्हाईक त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. पहिलीचा क्लच जड निघाला. दुसरीच्या मीटरवर तीस हजार किलोमीटर होते, पण ब्रेकच्या पेडलवरचं रबर पार गुळगुळीत झालं होतं. हिरालालने वाकून त्यावर बोट फिरवलं आणि तो पुढे सरकला होता.

"अंकल, मेकॅनिक थे क्या आप?"

"एसटीचा ड्रायवर होतो. तीस वर्षं. अर्जुनी मोरगाव डेपो."

अल्का प्लास्टिकच्या खुर्चीत बसून चहा पीत होती. येत्या रविवारी बिरसीच्या लोकेशशी तिचं लग्न होतं. "बाबा, कायले एवढी धावपळ? बिरसीले त्याइच्या घरी गाडी हाये ना."

"हाये. पण ते घेऊन लोकेशराव सकाळीच कामावर जातीन. तुले आमच्याकडे यावं वाटलं त मंग? दोन बस बदलवत येशीन?"

"येईन."

"पहिल्या महिन्यात येशीन. मंग कटाळशीन. तीस वर्षं पाहून राहिलो मी, कोण किती दिवस बस बदलवते ते."

अल्काने कप खाली ठेवला.

दुर्गाप्रसादने आवाज खाली आणला. "शादी में देना है, तो थोडी बडी दिखाऊं? लडकेवालों में इज्जत रहती है."

हिरालालचा चेहरा एकदम कडक झाला. "देण्याघेण्यातली नाही ही. पोरगा चांगला हाये, त्यानं रुमालही मांगतला नाही. गाडी हिच्या नावावर राहीन, किल्ली हिच्यापाशी राहीन. अन् बडी नोको. कमी पेट्रोल पिणारी पाह्यजे. बडी गाडी दारात उभी राहते. बाई माणूस दहादा विचार करते, जाऊ का नोको."

"बिटिया का मायका कितना दूर पडेगा?"

हिरालालने अल्काकडे पाहिलं. "नव्वदेक किलोमीटर."

मग दुर्गाप्रसादने शेडच्या मागून एक छोटी पांढरी गाडी काढली. एका शिक्षिकेने वापरलेली, आठ वर्षांची. मागच्या दाराला एक पोचा होता, पण आवाज शिलाई मशीनसारखा एकसारखा. हिरालालने ऑइलचं झाकण उघडून पाहिलं, दारांची रबरं उचलून पाहिली, सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरून पाहिला.

"लिटरला किती?"

"बाईस. झूठ नहीं बोलूंगा, एसी चलाया तो अठरा."

"चाल अल्का. चालव."

तिचे हात मांडीवरच राहिले. "माही सवय गेली बाबा."

"म्हनूनच म्हनतो."

गाडी चालवायला तिला रोशनने शिकवलं होतं. रोशन हिरालालचा एकुलता एक. धान कापून झालेल्या शेताच्या बांधीत तो घरची जुनी जीप उतरवायचा आणि तिला स्टिअरिंगवर बसवायचा. एकदा तिने जीप सरळ धुऱ्यावर, शेताच्या बांधावर चढवली, तेव्हा हसता हसता तो तणसाच्या ढिगावर लोळला होता. चार वर्षांपूर्वी पाच दिवसांच्या तापात रोशन गेला. त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. जीप दारात, आणि अल्का बाजाराला सायकलने. लग्नाचा विषय निघाला की ती म्हणायची, "तुमाले सोडून मी कुठी जाऊ?" शेवटी हिरालालची बायको धुरपता दोन दिवस जेवली नाही, तेव्हा कुठे अल्काने लोकेशला भेटायचं कबूल केलं.

बालाघाट रोडवर गाडी दोनदा बंद पडली. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. अल्काच्या कपाळावर घाम आला.

हिरालाल शेजारी हाताची घडी घालून बसला होता. "घाई नाही. मागं कंडक्टर घंटी वाजवून नाही राहिला."

तिला हसू आलं. क्लच हळूच सुटला, गाडी निघाली. दुसरा, मग तिसरा गियर पडला. दोन्ही बाजूंची हिरवी शेतं मागे पळू लागली. चार वर्षांत हिरालालने तिचा हा चेहरा पाहिला नव्हता. तो खिडकीबाहेर बघत राहिला, कारण डोळे भरून आले होते आणि तिने समोर पाहणं गरजेचं होतं.

"बाबा," परत येताना ती म्हणाली, "दर पंधरा दिवसांनी येईन. माय रागावली तरी."

"माय कायले रागावते? ते त आतापासून वाट पाहून राहिली."

शेडमध्ये परतल्यावर अल्का धुरपताला फोनवर गाडीचा रंग सांगायला बाहेर गेली. हिरालालने घासाघीस केली नाही. खिशातला चष्मा काढून तो टेबलाशी बसला. दुर्गाप्रसादने नाव बदलण्याचा फॉर्म पुढे ओढला.

"गाडी बिटिया के नाम. अल्का. ठीक. पिता का नाम... हिरालाल, ना?" त्याने पेन टेकवलंसुद्धा.

"थांबा," हिरालालने हात आडवा धरला. "बापाचं नाव केशोराव लिवा. मी सासरा होय तिचा."