वाळवणावरचा बिल्ला

उन्हाळी सुट्टीत सर्वांत जास्त ऊन घेतल्याबद्दल शर्वाणी जिल्ह्यात पहिली आली, तेव्हा तिची आई नलिनीताई जरा गोंधळल्या. सुट्टीभर पोरगी स्कॉलरशिपच्या पुस्तकातून नाक बाहेर काढत नव्हती.

मुलांच्या गळ्यातला बिल्ला ऊन मोजायचा आणि पुरेसं ऊन भरलं की हिरवा व्हायचा. मुलं उन्हात खेळली की चष्म्याचा नंबर वाढायचा वेग मंदावतो, असं शास्त्र होतं. तेव्हा सरकारने शाळेत डोळे तपासणं बंद करून बिल्ले तपासायला घेतले होते. नलिनीताईंनी शास्त्राला कधी नाही म्हटलं नाही. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या, की लेकीचा बिल्लाही त्यांच्या शेजारी ठेवून येत.

समारंभात शर्वाणीला ढाल मिळाली. मुख्याध्यापकांनी विचारलं, "बाळ, याचं श्रेय कुणाला?"

"आईला. ती काय, समोरच बसलीय," असं म्हणत शर्वाणीने दुसऱ्या रांगेतल्या जांभळ्या साडीकडे हात हलवला. साडीतल्या अनोळखी बाईंनीही भिडेखातर हलवला.

नलिनीताई पहिल्या रांगेत होत्या. त्यांचीही साडी जांभळीच होती. त्या उठून म्हणाल्या, "शर्वे, अगं मी इकडे."

शर्वाणीने डोळे बारीक करून सगळीकडे पाहिलं.

"दिपली असेल हो," शेजारच्या बाई समजुतीने म्हणाल्या. "सुट्टीभर ऊन का थोडं झालंय?"

शर्वाणी खाली उतरली, नलिनीताईंच्या समोरून गेली आणि दुसऱ्या रांगेतल्या त्या बाईंच्या पाया पडली. नलिनीताईंना काही कळेना. पोरीच्या गळ्यातला बिल्ला तर हिरवागार होता, आणि त्याला कुरडयांचा वास येत होता.