मुकं पाणी

डोंगराची भेग सांधणारं यंत्र तापू लागलं, तेव्हा भूशास्त्रज्ञ शाल्मली दिघेला कपारीबाहेर चपला दिसल्या.

“आत कोण आहे?”

“माझी सून, कमळी,” तापानं फणफणलेल्या नातवाला खांद्यावर घेऊन बसलेल्या ठकूबाई कोकरे म्हणाल्या. “पोरासाठी मुकं पाणी आणायला गेलीय. तोंडातून शब्द निघाला की पाणी बाटतं.”

लाव्हाचे थर एकावर एक साचून हा डोंगर झाला होता. दोन थरांमधल्या लाल मातीतून पाणी झिरपे, आणि तिच्यावरूनच आता वरचा कडा घसरत होता. यंत्र काळा दगड पुन्हा वितळवून तो कडा जोडणार होतं. गावकऱ्यांनी दोनदा बंद पाडल्यापासून त्याला बटणच ठेवलं नव्हतं. कपारीच्या आतून माणसाचा आवाज आला, तरच ते थांबे; बाहेरच्या ओरडण्यानं नाही.

शाल्मलीनं जिवाच्या आकांतानं हाका मारल्या. आतून फक्त तांब्या दगडाला लागल्याचा आवाज आला.

“तुमचे लोक रोजच ओरडतात बाहेर या म्हणून,” ठकूबाई म्हणाल्या. “ती कशाला ऐकतेय?”

झळ इतकी वाढली की आत जाणं शक्य नव्हतं. वरचा दगड लाल होऊ लागला.

ठकूबाईंनी नातवाला घट्ट धरलं आणि कपारीकडे तोंड केलं.

“कमळे, पोर गेलं गं.”

डोंगराच्या पोटातून किंकाळी आली. यंत्र विझलं.

झळ ओसरताच कमळी धावत बाहेर आली. तांब्या रिकामा होता. पोर आजीच्या खांद्यावर कण्हत होतं. तिनं पोराकडे हात पसरले.

ठकूबाईंनी पोर तिच्याकडे दिलं, तांब्या घेतला.

“काय शिव्या द्यायच्या त्या आत्ताच दे,” त्या म्हणाल्या. “आत गेल्यावर मला उलटून बोलता यायचं नाही.”