दुसरा ब्रेक

“पाय काढ,” ताई म्हणाली.

वादळाने पाय काढला. वादळ म्हणजे तिचा धाकटा भाऊ. पोस्टरवर त्याचं हेच नाव छापत, दोन्ही हात छातीवर बांधलेल्या फोटोखाली. ट्रॅकवर त्याला ब्रेकची आठवणच होत नाही, असं त्याचे चाहते सांगत. आत्ता तो ताईच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, शिकवणाऱ्याच्या जागेवर बसला होता आणि त्या जागेसाठी खास बसवलेला दुसरा ब्रेक प्रत्येक वळणावर दाबत होता. गाडी ताशी चाळीसने चालली होती.

त्याची स्वतःची गाडी घरी होती आणि परवाना पोलिसांकडे. शर्यतीचा परवाना निराळा असतो, तो खिशात होता. त्या परवान्यावर माणूस वाटेल तेवढ्या वेगाने, कुठेही न पोचता फिरू शकतो.

दहा वाजता सर्किटवर चालकांची बैठक होती. जो बैठकीला नाही तो शर्यतीत नाही, असा नियम होता. टीमचे मालक या नियमावर डोळा ठेवून बसले होते, कारण त्यांचा भाचा सकाळपासून मांडीवर हेल्मेट घेऊन तयार होता.

सर्किट शेतांच्या मधोमध होतं आणि तिकडे जाणारा रस्ता दोन गाड्या अंग चोरून एकमेकींना ओलांडतील एवढाच. शर्यत बघायला निघालेला माणूस शेवटच्या काही मैलांत स्वतःला शर्यतीतलाच समजू लागतो. स्टिअरिंगला पोट टेकलेले गृहस्थ काळे चष्मे लावून एकमेकांच्या पुढे घुसत होते. मागच्या सीटवर त्यांची कुटुंबं डबे सांभाळत होती. या सगळ्यांच्या पुढे गवताच्या भाऱ्यांनी लादलेली एक ट्रॉली ओढत ट्रॅक्टर चालला होता. त्याला शर्यतीचं काही सोयरसुतक नव्हतं.

“काढ ना बाहेर!” वादळ म्हणाला.

“समोरचं दिसू दे.”

“दिसायची वाट बघतेस? ताई, तू लोकांना शिकवतेस तरी काय?”

“तोंड मिटून बसायला. फी भरलेली असते, म्हणून बसतात बिचारे.”

“त्या भाच्याला माझी गाडी मिळाली ना, तर तू जबाबदार. सांगून ठेवतो.”

“आणि परवाना गेला तेव्हा कोण जबाबदार होतं?”

“तेव्हा सिग्नल नको त्या वेळी लाल झाला.”

रस्ता सरळ झाला. ताईने आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, मान वळवून मागे पाहिलं, गिअर खाली घेतला आणि गाडी बाहेर काढली. समोरून एक जीप येत होती, पण इतकी लांब की तिचा रंगही कळत नव्हता. अर्धी ट्रॉली मागे पडली.

“जीप!” वादळ ओरडला आणि त्याने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

गाडीने आचका दिला आणि ती जागच्या जागी बंद पडली. ट्रॉली डुलत डुलत पुढे निघून गेली. तिच्या मागची जागा काळ्या चष्म्यांनी लगेच भरून काढली. ताईच्या मागोमाग बाहेर पडलेले चारजण तिच्या पाठीला चिकटले. जीप यायची तेव्हा सावकाश आली आणि नाकासमोर नाक लावून हॉर्न वाजवत उभी राहिली.

“बाई, आधी शिका, मग रस्त्यावर या!” छपरावरची पाटी वाचून एक गृहस्थ ओरडले.

दुसऱ्याने खिडकीतून आत डोकावून पाहिलं. “अहो, हा तर वादळ!”

“वादळ शिकतंय होय?”

मोबाईल बाहेर निघाले. वादळाने सवयीने दोन्ही हात छातीवर बांधले.

मग मागे कुणी घ्यायचं यावर चर्चा झाली. शेजाऱ्याने घ्यावं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. त्या एकमतात दहा वाजून गेले.

चालकांच्या फाटकावरचा रखवालदार कडी लावून स्टुलावर बसला होता.

“बैठक झाली, साहेब. तुमच्या जागी मालकांच्या भाच्याचं नाव लागलं.” त्याने हात लांब केला. “प्रेक्षक पलीकडून.”

ताईने गाडी पलीकडे नेऊन नीट रेघेत लावली. तोवर वादळाने मालकांना फोन लावला होता.

“नाही साहेब, मी अगदी वेळेत निघालो होतो… नाही हो, मी कुठला चालवतोय, ताई चालवत होती… हो ना! बायकांचं तुम्हाला माहीतच आहे. ऐन वेळी घाबरली आणि दाबला ब्रेक.”

ताईने त्याच्याकडे एकदा पाहिलं. किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि दार उघडलं.

वादळाने फोनवर तळहात धरला. “तिकिटं काढतेस? माझंही काढ गं. तो भाचा कुठे आपटतो ते तरी बघू.”

तिकिटाच्या खिडकीपाशी गर्दी ओसरली होती.

“किती?” आतल्या माणसाने विचारलं.

“एक पूर्ण, एक अर्धं.”

त्याने वाकून तिच्या आजूबाजूला पाहिलं. “अर्ध्या तिकिटाला मूल दाखवावं लागतं, बाई. कुठंय?”

“गाडीत बसलंय,” ताई म्हणाली. “फोनवर माझं नाव सांगतंय.”