मागच्या सीटवरचं छत

तबक जसं गेलं तसंच परत आलं. दासी दुर्गेनं ते जगदेवरावांसमोर ठेवलं. तबकात रंगवलेल्या पत्र्याचे तुकडे होते. आकाशी, मोतिया, पिस्ता. बाईसाहेबांनी एकालाही हात लावला नव्हता.

"बाईसाहेब कह रही हैं, जुन्या मोटरचा आहे तोच रंग ठेवा," दुर्गा म्हणाली.

मुंबईहून आलेला मोटर कंपनीचा माणूस, भालचंद्र, कसनुसं हसला. एवढी लांब पल्ल्याची विलायती गाडी, आणि तिला तो जुनापुराणा किरमिजी रंग! पण गिऱ्हाईक म्हणजे ग्वाल्हेरचे सरदार होते. त्यानं मुकाट्यानं रंग लिहून घेतला.

जगदेवराव मात्र मनातून खचले. ही गाडी ते हौसेनं घेत नव्हते. बायकोला, लीलाताईंना, काहीतरी द्यायचं होतं. जे खरं द्यायला हवं होतं ते द्यायची छाती होत नव्हती, म्हणून गाडी.

संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. त्यांच्या मुलीनं, सुधानं, घरचा पडदा ओलांडला आणि गिरणीतल्या एका कारकुनाशी लग्न केलं. जगदेवरावांनी तिला दार बंद केलं. या घरात तिचं नाव निघता कामा नये, असं चारचौघांदेखत बजावलं. नाव निघालं नाही. लीलाताईही कधी अवाक्षर बोलल्या नाहीत, आणि तेच त्यांना सगळ्यात जास्त टोचत असे. मग संस्थान मध्यभारतात विलीन झालं. दरबार संपला, मुजरे संपले. ज्या सरदारांच्या तोंडाकडे बघून त्यांनी पोरीला टाकलं, त्यांच्याच सुना आता जयेंद्रगंजच्या बाजारात उघड्या तोंडानं साड्या घेत हिंडत होत्या. सुधा तिकडे गिरणीजवळच्या वस्तीत, हजीऱ्याला, भाड्याच्या घरात राहत होती. आपण चुकलो हे जगदेवरावांना पुरतं कळलं होतं. फक्त ते त्यांच्या जिभेवर येत नव्हतं.

आता खोलीच्या मधोमध बांबूच्या काड्यांचा, चिकाचा पडदा होता. पडद्याच्या आत लीलाताई, बाहेर परका पुरुष. तिथून नुसत्या बांगड्या ऐकू येत.

"काच तरी आरपार दिसणारी घेऊ," जगदेवराव चिकाकडे तोंड करून म्हणाले. "राज्यच गेलं, आता पडदा कोणासाठी? पुण्याला जाऊ, नाशिकला जाऊ. बघू दे सगळ्यांना."

बांगड्या वाजल्या. दुर्गा आत गेली, बाहेर आली.

"काच काळीच पाहिजे, सरकार. आतलं बाहेरून दिसायला नको."

जगदेवरावांनी मान खाली घातली. लीलाताई घराबाहेर पडत त्या फक्त सोमवारी. उमाजी ड्रायव्हर त्यांना पडदे ओढलेल्या मोटरीतून किल्ल्याखालच्या महादेवाला नेई. परत यायला फार उशीर होई. पोरीसाठी देवापुढे बसून राहत असतील, असं समजून जगदेवरावांनी कधी विचारलं नव्हतं. विचारायचं तोंडही नव्हतं.

"आणि छत?" भालचंद्रनं विचारलं. "पक्कं, कापडी, की सरकतं?"

या खेपेला दुर्गेला आत जरा वेळ लागला.

"छत सरकतं पाहिजे. लेकिन ड्रायव्हरच्या वर नाही. मागच्या सीटच्या वर."

भालचंद्रनं पेन्सिल खाली ठेवली. "सरदारसाहेब, असं कुणी मागत नाही हो. चारी बाजूंना काळ्या काचा, आणि डोक्यावर मात्र उघडं? ऊन येईल, धूळ येईल. बाईसाहेबांचा काही गैरसमज होतोय."

जगदेवरावांचे कान तापले. गैरसमज नव्हे, हा राग आहे, त्यांना वाटलं. आपण काहीही पुढे केलं तरी ते मोडीत काढायचं. आणि राग खराच होता, तो आपण कमावलाच होता. ते उठले. चीक बाजूला सारून आत गेले.

लीलाताई कोचाच्या कडेवर ताठ बसल्या होत्या.

"आपण रागावल्या आहात," ते हळू आवाजात म्हणाले. "रागवा. मला बोला. पण पुन्हा त्या काळ्या डब्यात कशाला कोंडून घेता? मीच पडदा लावला होता, आता मीच काढा म्हणतोय."

"मी रागावले नाही." लीलाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तो रंग पोर ओळखते. गल्लीच्या तोंडाशी किरमिजी मोटर दिसली की हात हलवते."

"कुणाची पोर?"

जगदेवराव समोरच्या खुर्चीचा हात धरून सावकाश खाली बसले. आपल्याला नात आहे हे त्यांना आत्ता कळत होतं.

"महादेवाहून उमाजी हजीऱ्यावरून आणतो," लीलाताई म्हणाल्या. "तिच्या दारासमोर मोटर थांबवतो. मी उतरत नाही. हाक मारत नाही. पडद्याच्या फटीतून बघते आणि परत येते. चारचौघांत दिलेला आपला शब्द मी मोडला, असं कुणी म्हणायला नको."

बाहेर भालचंद्र खाकरला. जगदेवरावांना काहीतरी बोलायचं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"मग छत?"

"दिवाळीनंतर त्यांनी बिऱ्हाड बदललं," लीलाताई म्हणाल्या. "सुधा आता माडीवर राहते. मागे बसलं की मला नुसता जिना दिसतो."