बाजूला येऊन विचारा

"कुसय, अरे ए कुसय! इकडे ये बघू बाळा. परत अडलं माझं!"

जादूच्या पत्त्यांचा खेळ रंगलेलं सगळं दुकान हसलं. कुसय तेवढा हसला नाही. तो पंच होता आणि अंतिम सामन्यात पंचानं हसायचं नसतं. शिवाय हाक मारणारी बाई त्याच्या जिवलग मित्राची, तैमची आई होती. उम्म तैम. तैमची आई म्हणून सगळे तिला याच नावानं ओळखत; खाली चौकात तिचं औषधांचं दुकान होतं. नाकावर घसरलेला चष्मा, पुढ्यात निवत चाललेला चहा आणि हातात मुलानं मागे ठेवलेली पत्त्यांची गड्डी, अशी ती सकाळपासून या पोराटोरांत ठाण मांडून बसली होती. तैम शिकायला जर्मनीत लाइपझिगला गेला तो तिकडेच अडकला. ना त्याला घरी येता येत होतं, ना हिला तिकडे जाता येत होतं. आज जिंकणाऱ्याला लाइपझिगच्या मोठ्या स्पर्धेचं आमंत्रण आणि विमानाचं तिकीट मिळणार होतं. बाई कशासाठी खेळतेय ते अख्ख्या अम्मान शहराला ठाऊक होतं, आणि तिला खेळातलं फारसं कळत नाही हेही.

तरी नशिबानं म्हणा, चिकाटीनं म्हणा, ती अंतिम सामन्यापर्यंत पोचली होती. 

"खाला, बाजूला येऊन विचारा," मित्राच्या आईला मावशी मानणारा तो हळूच म्हणाला. दिवसभर तो हेच घोकत होता. नियमाची शंका टेबलापासून लांब जाऊन, पंचाच्या कानात विचारायची असते. नाहीतर आपल्या हातात काय आहे ते समोरच्याला फुकटात कळतं. शेंबडी पोरंसुद्धा एवढं सांभाळतात.

"माझे गुडघे बघ आणि मग बोल," ती म्हणाली. "इथंच सांग. आणि जरा मोठ्यानं सांग."

समोर बसलेल्या मुहन्नदनं दोन्ही तळवे कानांजवळ नेले. "विचारा खाला, विचारा! मी नाही ऐकत." आणि कान टवकारून बसला. हा मुहन्नद गेल्या वर्षीचा विजेता. त्याच्या किल्ल्यापुढे काळा ड्रॅगन पसरला होता आणि पानावर ठसठशीत लिहिलं होतं: याला कोणतीही जादू शिवू शकत नाही. उम्म तैमचा किल्ला एका झेपेत राख झाला असता. पण तिच्या हातात एक पान शिल्लक होतं आणि ते काय असेल या धाकानं मुहन्नद झेप घ्यायचं टाळत होता. थांबणंही परवडणारं नव्हतं, कारण दर फेरीला तिला नवं पान मिळत होतं. बिचारा नखं खात होता.

"समजा," उम्म तैमनं हातातलं पान छातीशी धरलं, "मी आरशाची ढाल टाकली. ढाल म्हणते, जो चालून येईल त्याचा घाव त्याच्यावरच उलटेल. याचा ड्रॅगन म्हणतो, मला जादू शिवत नाही. मग खरं कोणाचं मानायचं?"

 कुसयला ओरडावंसं वाटलं, खाला, हे काय करून बसलात! पण पंचाला विचारलं तेवढ्याचंच उत्तर देता येतं. सल्ला नाही, इशारा नाही, डोळा मिचकावणंसुद्धा नाही.

"ढालही जादूच आहे," तो कसाबसा म्हणाला. "ड्रॅगनवर ती चालणार नाही."

"अगंबाई!" उम्म तैमचा चेहरा उतरला. "अगदीच नाही?"

"अगदीच नाही, खाला."

मुहन्नद ताडकन उठून उभा राहिला. त्याच्या दोस्तांनी टेबलं बडवायला सुरुवात केली. "यल्ला, मुहन्नद! जाळून टाक!" त्यानं ड्रॅगनचं पान उचललं, डोक्यावरून एकदा मिरवलं आणि धाडकन पुढे आपटलं. "चाल! सगळ्या ताकदीनिशी! घ्या खाला, लाइपझिगहून तुमच्यासाठी चॉकलेट आणीन."

कुसयनं डोळे मिटून घेतले. तैमला फोनवर काय सांगायचं, एवढंच त्याच्या मनात आलं.

डोळे उघडले तेव्हा सगळे टेबलावर वाकले होते. उम्म तैमनं आपलं शेवटचं पान टेबलावर उताणं ठेवलं होतं आणि ती ते बोटानं सरळ करत होती. पानाचं नाव होतं मृगजळ. शत्रूनं चाल केल्यावरच टाकायचं. दोन्ही किल्ल्यांची जागा आपसांत बदलते.

"हे चालत नाही!" मुहन्नद किंचाळला. "पंच! माझ्या ड्रॅगनला जादू शिवत नाही! आत्ताच तू सांगितलंस!"

दिवसभरात त्यानं विचारलेली ही पहिली शंका. कुसयनं पान वाचलं, पुन्हा वाचलं. 

"ड्रॅगनला कुणी शिवलंच नाही," तो म्हणाला. "जादू किल्ल्यांवर झाली आहे. ड्रॅगन जिथे निघाला होता तिथेच जाणार. फक्त तिथे आता तुझा किल्ला आहे."

मग जो काही गलका उठला! कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी चहा सांडला, आणि पंचानं पंचपण विसरून सरळ खालाच्या हाताचा मुका घेतला. मुहन्नद आपल्या जळलेल्या किल्ल्याकडे बघत खुर्चीत बसला.

"पण ढाल?" तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "तुमच्या हातात तर ढाल होती ना, खाला?"

"माझ्या हातात? मी नुसता नियम विचारला, बाळा," उम्म तैम चष्मा पुसत म्हणाली. "ढाल तर तैम आपल्याबरोबर घेऊन गेलाय. आता जाऊन बघतेच, नीट ठेवली आहे की नाही ती."